कोरी बोटं

गोरक्षचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीसचं. तुळशीची लग्नं आटोपली आणि पहिल्याच तिथीला बार उडवून दिला. नवी सून उज्वला घरात रुळायची होती, तिचा हिरवा चुडा चालता-बोलता वाजत होता, तेवढ्यात योगिनीचं बाळंतपण समोर येऊन उभं राहिलं.

योगिनी ही मालनबाईची थोरली लेक, गोरक्षची बहीण. जावई रविराज इंग्लंडात लीड्स गावी नोकरीला, दोघं तिकडंच राहायची. चैत्र-वैशाखाच्या सांध्यावर दिवस भरायचे होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही घराची रीत. पण मधे काही त्रास झाला आणि तिथल्या डॉक्टरनं तिला विमानात बसायला मनाई केली. रविराजला आई नाही, बहीण नाही. पोर फोनवर रडली नाही, पण बोलता बोलता मधेच गप्प व्हायला लागली. मालनबाईला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"तिला माहेरी येता येत नाय ना," ती नवऱ्याला म्हणाली, "मग माहेर तिकडं जाईल."

कारभारी तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा तळव्यावर थांबला. "इंग्लंड म्हणजे काय देवळ्याचा बाजार हाय?"

"बाजारालाबी पहिल्यांदा गेलेच होते ना कधी तरी," मालनबाई म्हणाली आणि उठून गाईला पेंड टाकायला गेली. विषय संपला.

बाई पंचावन्नची. अंगानं काटक, रंगानं उन्हात भाजलेली. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. सोसायटीत, बँकेत, ग्रामसभेत तिनं उभी हयात अंगठा दिला. पुढं योगिनी कॉलेजात गेल्यावर तिनं आईला चुलीपुढं राखेत अक्षरं गिरवायला लावली आणि सही शिकवली. तेव्हापासून कुठंही कागद पुढं आला, की मालनबाई आधी पेन मागायची. पासपोर्ट योगिनीच्या लग्नातच काढून ठेवलेला होता, त्यावरही सहीच होती.

तालुक्याच्या गावी, देवळ्यात, स्टँडजवळ नवनाथचं ऑनलाइनचं दुकान. आसपासच्या गावांतल्या पोरांचे दाखले, पीकविम्याचे अर्ज, पासपोर्ट, सगळं तोच भरायचा. त्यानं सांगितलं, व्हिसाचा अर्ज घरबसल्या भरता येतो, पण माणसाला एकदा मुंबईला जावंच लागतं. तिथं केंद्रात फोटो काढतात, दहाही बोटांचे ठसे घेतात, मग निकालाला तीन आठवडे धरून चालायचं. जावयाचं बोलावण्याचं पत्र हवं, त्याच्या पगाराचे कागद हवेत, इकडचा सातबारा आणि बँकेचा उतारा हवा. सहा महिन्यांच्या वर राहता येत नाही, तिथं कुठलं काम करता येत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बाई परत येणार, हे त्यांना पटलं पाहिजे.

"मावशी, तुम्ही परत कशावरून याल?" नवनाथनं विचारलं.

"घरात नव्वदीला टेकलेली सासू हाय. रानात उन्हाळ कांदा हाय. आणि नवरा असा, की चहात साखर किती घालायची हे त्याला अजून ठावं नाय. न येऊन कसं चालंल?"

नवनाथ हसला. मग आवाज बारीक करून म्हणाला, की बाळंतपणाचं नाव काढू नका, नुसतं फिरायला चालले म्हणू. नाही तर त्यांना वाटेल, बाई तिकडं कामाला चालली.

"मी या वयात फिरायला चालले, हे तुला तरी खरं वाटतं का?" मालनबाई म्हणाली. "लेकीला भेटायला, नातवंड बघायला चालले, असं लिही. जे हाय ते."

त्यानं तसंच लिहिलं. मुंबईची तारीख मिळाली ती संक्रांत होऊन गेल्यावरची.

गावाला बोलायला विषय झाला. त्या साली कांद्याच्या निर्यातीला बंदी होती, भाव पार बसलेला. पारावर बसणाऱ्यांनी म्हण करून टाकली, की कांद्याला देशाबाहेर जायला बंदी, कांदेवालीला मात्र खुली वाट. मालनबाईनं ते ऐकलं. जाता जाता म्हणाली, की मला तरी कुठं भाव मिळतोय.

मुंबईला जायच्या आदल्या दिवशी दुपारनंतर गल्लीतल्या बाया ओटी भरायला आल्या. खरं तर ती नुसती अर्जाला चालली होती, विमानाला अजून वेळ होता. पण अक्काबाईच्या हिशेबात घराचा उंबरा ओलांडला की निघणं झालं, आणि निघणं एकदाच होतं. अक्काबाई म्हणजे मालनबाईची सासू. पाठीतून वाकलेली, एका डोळ्यानं अधू, पण शब्द खणखणीत. तिनं सकाळपासून कुंपणाच्या मेंदीचा पाला पाट्यावर वाटून घेतला होता.

"पहिलटकरणीकडं आईनं कोऱ्या बोटांनी जाऊ नये," ती म्हणाली. "पोर पहिल्यांदा त्या बोटांत येतं. बस खाली."

आणि तिनं जुन्या रीतीनं सुनेची दहाही बोटं रंगवली. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. तळव्यात एक गोल, आणि प्रत्येक बोटाला पेरापर्यंत जाड टोपी. बायांनी गाणं म्हटलं. मालनबाई हात पसरून बसली होती आणि बऱ्याच वर्षांनी कुणी तरी आपल्याला सजवतंय, हे तिला मनातून आवडलं होतं.

उज्वला चहाचं ताट घेऊन दाराशी उभी होती. दोनदा तिनं ओठ उघडले आणि मिटले. तिसऱ्यांदा एका बाईनंच विचारलं, काय गं, साखर टाकली का? ती हो म्हणाली आणि चहा देऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी गोरक्षनं मित्राची गाडी आणली. तांबडं फुटायच्या आत निघाले, दुपारी मुंबईत. केंद्राच्या दारावर पिशव्या काढून घेतल्या, भाकरीचं फडकंही आत नेऊ दिलं नाही. गोरक्षला बाहेरच थांबवलं. आत गारठा होता, खुर्च्या रांगेत होत्या आणि पडद्यावर नंबर लागत होते. मालनबाई पदर सावरून ताठ बसली. नंबर आला तशी उठली. काउंटरवरच्या मुलीनं कागद पाहिले, फोटो काढला, आणि हिरवा उजेड असलेल्या काचेवर उजव्या हाताची चार बोटं ठेवायला सांगितली.

मालनबाईनं हात उलटा केला. मुलीचा चेहरा पडला.

"काकू, मेंदी आहे. बोटांना मेंदी चालत नाही. सूचनांत लिहिलंय."

"ओल्या फडक्यानं पुसते."

"पुसून जात नाही ना ती."

तरी त्या मुलीनं एकदा काचेवर बोटं ठेवून घेतली. पडद्यावर चार काळे डाग उमटले. तिनं डावा हात मागितला, अंगठा स्वतःच्या बोटांत धरून उजेडाकडं फिरवला. अंगठ्यावर आणि त्याच्या शेजारच्या बोटावर विळ्याचे बारीक वार होते, काही भरलेले, काही उघडे. कांदा डाव्या हातात धरायचा आणि उजव्या हातातल्या विळ्यानं पात उडवायची, हे तीस-पस्तीस वर्षांचं काम. त्यात आता रोपांची लागण, दिवसभर चिखल.

"मेंदी नसती तरी हा हात कठीण होता," मुलगी म्हणाली. "रेघाच राहिल्या नाहीत. काही दिवस कामाला हात लावू नका, तेल-तूप चोळा, मेंदी गेली की परत या."

मागच्या रांगेत कुणी तरी हसलं.  मालनबाईला वाटलं, सांगावं या सगळ्यांना, की मी अंगठा सोडून सही शिकले, तर आता तुम्हाला अंगठाच पाहिजे. पण तिनं "पुढची तारीख कुठं मिळते?" एवढंच विचारलं.

तारीख मिळाली ती रथसप्तमीनंतरची. त्यापुढं निकालाचे तीन आठवडे, पुढं तिकीट. घाटात गाडी चढत होती तेव्हा मालनबाई मनात महिने मांडत होती. आणखी एकदा असं झालं, तर पोर एकटीच बाळंत होणार होती.

गोरक्षनं वळणावर गाडी हळू केली. मग म्हणाला, "नवनाथनं सूचना पाठवल्या होत्या. मी उज्वलाच्या फोनवर टाकल्या, वाच म्हटलं. तिला ठाऊक होतं आई. घरी गेलो की बघतो तिला."

"तू वाचल्या होत्या का?"

"मला कुठं वेळ होता?"

"मग तिच्यावर कशाला डोळे काढतो? गाडी नीट चालव."

दुसऱ्या दिवशी लागणीचा मळा. सासू-सुना वाफ्यात शेजारी शेजारी वाकल्या होत्या, म्हणजे उज्वला वाकली होती आणि मालनबाई बांधावर बसून रोपांच्या जुड्या बघत होती. हात मांडीवर ठेवलेले, मेंदीनं लालभडक. उज्वला नाशिकात वाढलेली, पाणी सोडलेल्या वाफ्यात तिची बोटं रोपाबरोबर चिखलात रुतून बसत होती. बाकीच्या बाया पुढं निघून गेल्या होत्या.

"तू वाचलं होतंस," मालनबाई म्हणाली.

उज्वलानं मान वर केली नाही. "हो."

"मग?"

"ओटी भरत होत्या सगळ्या. आजींनी सकाळपासून पाला वाटला होता. मी बोलले असते तर म्हणाल्या असत्या, नवी सून आली आणि ऐन ओटीत अपशकुन केला."

मालनबाईनं पाटाकडं पाहिलं. पाटातलं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फुटलं.

"म्हटलंच असतं," ती म्हणाली. "मीबी म्हटलं असतं. खोटं कशाला बोलू. पण इथनं पुढं बोलायचं. मी रागावले तरी बोलायचं. आणि रोप असं उभं नाय खुपसायचं, जरा तिरपं. बोटानं मुळी दाबायची, पान नाय."

त्या दिवसापासून मालनबाईचे हात घरात बसले आणि बाकी सगळी माणसं कामाला लागली. कारभारी गाय पिळायला लागला. गाय त्याला दूध चोरायची, तो तिला शिव्या द्यायचा. भांडी, सारवण, भाकरी सगळं उज्वलावर आलं, वर मळ्यातली मजुरीही तीच बघायची. संध्याकाळी ती कंबर धरून ओट्यावर टेकायची तेव्हा चुड्यातल्या अर्ध्या बांगड्या चिखलानं मुक्या झालेल्या असायच्या. मालनबाईला बघवत नव्हतं. पण ती उठली की उज्वला जिथं असेल तिथून हाक मारायची, "आई, हात."

काम न करण्याचंही दुखणं असतं, हे मालनबाईला तेव्हा कळलं. रात्री खांदे ठणकायचे, जेवण अंगावर यायचं. विहिरीवर बाया विचारायच्या, हात मोडला का राणीचा? बांधावर बसल्या बसल्या तिची बोटं आपोआप गवताच्या काडीकडं जायची आणि अर्ध्यातून परत यायची.

अक्काबाई मात्र मुंबईचं ऐकल्यापासून बोलेना. दोन दिवस तिनं भाकरी कुस्करून तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी तिला आंघोळ घालायला उज्वलानं पाणी काढलं, कारण आजवर ते काम मालनबाईचं होतं आणि आता तिच्या हाताला गरम पाणी, साबण चालत नव्हता. आंघोळ झाल्यावर म्हातारी खाटेवर बसली आणि तिनं तुपाची वाटी मागवली.

"इकडं ये," ती मालनबाईला म्हणाली. "मी रंगवली, मीच उतरवते."

"आत्याबाई, तूप चोळून मेंदी जाते का कुठं?"

"मेंदी जाईल तेव्हा जाईल. तुझ्या बोटांना कधी कुणी तूप लावलं होतं?"

मालनबाई खाटेच्या कडेला बसली. लग्न होऊन आली तेव्हा याच सासूनं तिला पहिल्या आठवड्यात कांद्याच्या शेतात बसवलं होतं, आणि विळा लागून बोट कापलं तेव्हा हळद दाबून परत बसवलं होतं. त्यावर दोघींत कधी बोलणं झालं नव्हतं, आताही झालं नाही. म्हातारीनं एकेक बोट घेऊन दुपारभर चोळलं. तिच्या स्वतःच्या बोटांवर तर कातडी कागदासारखी पातळ झालेली होती. मग हे रोजचंच झालं. दुपारी खाट, तुपाची वाटी आणि दोघी. अक्काबाई बोलायला लागली, भाकरी खायला लागली.

रथसप्तमीला हळदीकुंकू. शेजारच्या चुलत जावेनं बाजारातून मेंदीचे कोन आणले होते. बाया अंगणात आल्या तशी ती म्हणाली, की त्या वेळची मेंदी फिकी पडली, चल नव्यानं काढू, आता तर खरंच जायचं.

उज्वला उंबऱ्यात आडवी उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आईंच्या हाताला काही लावायचं नाही. मेंदी नाही, हळदसुद्धा बोटाला नाही. कुंकू कपाळाला लावा."

 चुलत जाऊ म्हणाली, "सून आतापासूनच घर चालवायला लागली वाटतं."

"चालवू दे," मालनबाई आतून म्हणाली. "तिनं चालवलं म्हणजे मी जायला मोकळी."

बाया हसल्या, आणि कपाळाला कुंकू लावून, वाण घेऊन घरोघर गेल्या.

दुसऱ्या खेपेला उज्वला बरोबर आली. गोरक्ष गाडीपाशी थांबला, तीही दारापर्यंतच. आत या वेळी काउंटरवर एक वयस्क बाई होती. उजव्या हाताची चार बोटं काचेनं लगेच धरली. डाव्या हाताला मात्र यंत्र कुरकुरायला लागलं. एकदा, दोनदा, परत. मालनबाईनं ओठ दाबले आणि बोटं काचेवर रेटली, नखं पांढरी पडली.

काउंटरवरची बाई हसली. "ताई, भाकरी थापायची नाहीये. नुसता हात ठेवायचा. अलगद."

मालनबाईनं हात उचलला, पदराला पुसला, आणि झोपलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा ठेवला. काचेखालून उजेड सरकला. पडद्यावर चार बोटं उमटली, बारीक रेघांची. तिनं वाकून पाहिलं. नांगरटीवर कुळवाची पाळी दिल्यासारख्या रेघा होत्या, मधे कुठं कुठं विळ्याच्या आडव्या सऱ्या. आपल्या हाताला एवढं काही आहे, हे तिला माहीत नव्हतं. मग दोन्ही अंगठे झाले.

"झालं?"

"झालं. लेकीकडे का?"

"लेकीकडं," मालनबाई म्हणाली, आणि बाहेर येऊन तिनं आधी उज्वलाचा हात धरला. सुनेच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, चिखलानं नखं काळी झाली होती. मालनबाईनं तो हात गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

शिमग्याच्या आधी पासपोर्ट आला, आत व्हिसा चिकटवलेला. नवनाथनं सामानाचं सांगितलं. दूध-दुभत्याचं काही तिकडं नेता येत नाही, म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, तुपातले लाडूही नकोत. मालनबाईनं डिंक, आळीव, सुंठ, खोबरं, बाळंतशोपा वेगवेगळ्या पुड्यांत बांधल्या. लाडू तिकडच्या लोण्याचं तूप कढवून तिथंच वळू म्हणाली. गरम स्वेटर गोरक्षनं नाशिकातून आणला.

निघताना ती अक्काबाईच्या पाया पडली. म्हातारीनं तिचे दोन्ही हात उलटे करून पाहिले आणि कोऱ्या बोटांवरून हात फिरवला.

"अशीच जा," ती म्हणाली. "पोर नीट धरता येईल."

मालनबाईनं कारभाऱ्याला साखरेचा डबा दाखवला, उज्वलाला धान्याच्या कोठीची किल्ली दिली, आणि गाडीत बसली. तिच्याकडं बघून गल्लीला वाटावं, ही बाई दर महिन्याला लंडनला जाते.

तिकडं उतरल्यावर काचेच्या खोक्यातल्या साहेबानं काही विचारलं. रविराजनं फोनवर शिकवलं होतं तसं ती मोठ्यानं म्हणाली, "डॉटर. बेबी. जून रिटर्न." साहेबानं पुढच्या यंत्राकडं बोट केलं. परत ठसे. मालनबाईनं अलगद बोटं ठेवली आणि तिला आत सोडलं. बाहेर योगिनी उभी होती, पोट पुढं, रविराजच्या दंडाला धरून. आई दिसली तशी ती भर विमानतळावर रडली. मालनबाई नाही रडली. तिनं आधी लेकीच्या पायांवरची सूज दाबून पाहिली.

गुढीपाडवा झाला, रामनवमी झाली, आणि योगिनी बाळंत झाली. मुलगी. दवाखान्यातल्या नर्सनं दुलईत गुंडाळून आणलेलं ते पोर मालनबाईच्याच हातात दिलं. घरी आल्यावर तिनं शेक-शेगडी सुरू केली. ओव्याची धुरी दिली तर छताला लावलेलं धुराचं यंत्र असं किंचाळलं, की शेजारची गोरी बाई धावत आली. दुसऱ्या दिवसापासून धुरी बंद, तव्यावर फडकं गरम करून शेक सुरू. सकाळी पायांवर घेऊन पोरीला न्हाऊ घालायचं, दुपारी लेकीची पाठ चोळायची. मे महिना असून खिडकीबाहेर पाऊस आणि थंडी असायची.

कारभाऱ्याचा फोन आला तेव्हा पोर तिच्या पायांवर होतं. त्यानं आडवळण घेतलं नाही. आई गेली म्हणाला. दुपारी भाकरी खाल्ली, पाणी मागितलं, उज्वला तांब्या घेऊन येईपर्यंत गेली.

मालनबाई म्हणाली, तिकीट बदलून येते. कारभारी म्हणाला, तू येईपर्यंत मयत थांबवता येत नाही, आणि दहाव्याला आलीस तर तिकडं पोरीचं कोण बघणार? भाऊबंद बोलतायत, थोरल्या सुनेनं असायला पाहिजे होतं. मग उज्वलानं फोन घेतला. ती म्हणाली, "आई, तुम्ही येऊ नका. आजींना शेवटची आंघोळ मी घातली. बोलणाऱ्यांना मी बोलले."

मालनबाईनं फोन ठेवला. पोरीच्या अंगावरचं पाणी टिपलं, तिला गुंडाळून योगिनीच्या कुशीत दिलं. मग न्हाणीघरात जाऊन स्वतःच्या डोक्यावरून पाणी घेतलं आणि तिथंच खाली बसून पोटभर रडली. बाहेर आली तेव्हा लेकीच्या जेवणाची वेळ झाली होती. तिनं पातेलं चढवलं.

अक्काबाई आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी, अमावस्येला, आठ मे दोन हजार चोवीस रोजी दुपारी घरीच वारली. मालनबाई जूनमध्ये परत आली.